कपाच्या बुडाखालची नावं

(मिहान, नागपूर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय जाहीर झाला तेव्हा संयोजकांपैकी एका जुन्या स्नेह्यांनी मला सरळ विचारलं, ‘‘अहो, जुने फ्रेंच कप आणि मिहान, हा मेळ बसायचा कसा?’’ बसतो की नाही ते तुम्हीच ठरवा. खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, शिवणगाव या गावांच्या शेतजमिनीवर मिहान हे उद्योगक्षेत्र उभं राहिलं आणि त्यात एक फ्रेंच नाव येऊन बसलं. 27 ऑक्टोबर 2017 रोजी दसॉ ही फ्रेंच विमानकंपनी आणि रिलायन्स यांच्या संयुक्त कारखान्याची पायाभरणी इथे झाली. 2019 पासून फाल्कन 2000 या विमानाचे भाग इथून फ्रान्सला जाऊ लागले. जून 2025 मध्ये पॅरिसच्या एअर शोमध्ये जाहीर झालं की या विमानाची अख्खी जुळणी नागपुरात होणार. म्हणजे फ्रेंच नावाच्या मालावर विदर्भातल्या पोरापोरींचे हात चालणार. तेव्हा फ्रेंचांनी स्वतःच्या कारागिरांना कसं वागवलं, कोणाची नावं लिहून ठेवली आणि कोणाची गाळली, हे जाणून घेण्यात आपला थेट मतलब आहे. अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या राजानं ज्या मोजक्या तंत्रविद्या कुलूपबंद ठेवल्या होत्या, त्यातली एक चहाच्या कपात होती. म्हणून आज कपाबद्दल.

हे कप बघायला पॅरिसला जावं लागत नाही. नागपूरहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी हैदराबाद. तिथल्या सालारजंग संग्रहालयात युरोपियन चिनीमातीचा मोठा संग्रह आहे आणि त्यात सेव्रचा माल आहे. सेव्र म्हणजे पॅरिसच्या पश्चिमेला, सीन नदीच्या काठी असलेला राजाचा कारखाना. या सालारजंग घराण्याशी वऱ्हाडाचा जुना संबंध आहे, आणि तो कपबशीचा नाही. 1853 साली निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्याच वर्षी पहिले सालारजंग दिवाण झाले आणि वऱ्हाड परत मिळवण्याचा ध्यास त्यांनी जन्मभर धरला. 1876 साली त्यासाठी ते युरोपात गेले. वाटेत रोमला त्यांनी बुरख्यातल्या रेबेकेचा तो प्रसिद्ध संगमरवरी पुतळा घेतला. पॅरिसच्या ग्रँड हॉटेलात जिन्यावरून पडून पाय मोडून घेतला आणि तशा अवस्थेत लंडनला पोचले. सत्कार भरपूर झाले, वऱ्हाड काही मिळालं नाही. 1903 मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि त्याचा कारभार आपल्या नागपूरहून चालू लागला. दिवाणसाहेबांचे नातू, तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान, दिवाणगिरीत फार काळ रमले नाहीत. 1912 ते 1914 एवढीच त्यांची कारकीर्द. उरलेलं आयुष्य त्यांनी वस्तू विकत घेण्यात घालवलं. 1949 साली ते वारले आणि 16 डिसेंबर 1951 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय खुलं झालं. घराण्याच्या जहागिरीत मराठवाड्यातला मुलूखही होता, तेव्हा त्या कपाटांतल्या कपबशांत आपल्या शेतसाऱ्याचाही थोडा अंश आहे, हे तिकीट काढताना लक्षात असू द्यावं.

मुंबईकरांना शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटा बंधूंचा संग्रह ठाऊक असतो. त्यातले सर रतन टाटा यांनी 1906 साली लंडनजवळचं यॉर्क हाऊस विकत घेतलं ते फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या ऑर्लेआँच्या ड्यूककडून. राजघराणी मोडीत निघाली की त्यांचं सामान फिरायला लागतं. आपल्याकडे नागपूरच्या भोसल्यांच्या जवाहिराचं हेच झालं.

आता मूळ विषयाकडे येतो.

चीनमध्ये जिंगडेझेनला शेकडो वर्षं पांढरीशुभ्र भांडी बनत होती, उजेडाकडे धरली तर बोटांची सावली पलीकडून दिसेल अशी. युरोपातल्या राजांना ती हवी होती, करता मात्र कोणालाच येत नव्हती. दाँत्रकोल नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानं 1712 आणि 1722 साली जिंगडेझेनहून लांबलचक पत्रं लिहून तिथली कृती कळवली. आज आपण याला औद्योगिक हेरगिरी म्हणू. पाद्रीबुवांनी ते धर्मकार्याच्या फावल्या वेळात केलं. दरम्यान जर्मनीत मायसेन कारखान्याच्या बटगरला मर्म सापडलं होतं. ते असं की काओलिन नावाची पांढरी, उष्णता सोसणारी माती हवी, तिच्याबरोबर वितळून काचेसारखा होणारा दगड हवा आणि भट्टी चौदाशे अंशांच्या आसपास चढायला हवी. फ्रेंचांना कृती कळली, पण त्यांच्या देशात काओलिन कुठे आहे याचा पत्ता नव्हता.

म्हणून त्यांनी दुसरी वाट काढली. फाँतेनब्लोची वाळू, सोरा, मीठ, तुरटी, सोडा आणि जिप्सम एकत्र भाजायचं, त्याचा काचेसारखा गोळा होतो तो दळायचा आणि त्यात चुनखडीची माती मिसळायची. याला ते मऊ माती म्हणत. दिसायला ती चिनी भांड्यांइतकीच, काही जाणकारांच्या मते त्याहूनही देखणी, सायीसारख्या रंगाची. पण चाकावर धरायला महाकठीण, कारण तिला चिकटपणाच नाही. ज्वारीच्या पिठाला चांगलं पाणी बसलं नाही तर थापताना भाकरी जशी कडेनं फाटते, तसे या मातीचे कप कारागिराच्या हातात फाटत. वाचले तर भट्टीत बसत, वाकडे होत, कान गळून पडत. अशा मातीतून ज्यांनी पापुद्र्याएवढ्या जाडीचे कप काढले त्यांच्या हातांपुढे मायसेनवाल्यांचं काम सोपं होतं, असं माझं मत आहे.

साँ-क्लू, शाँतिई असे दोन-तीन कारखाने आधी झाले. 1740 साली शाँतिईहून दुबुआ नावाचे दोन भाऊ व्हँसेनच्या किल्ल्यात आले. माती आम्ही जमवून देतो, म्हणाले. त्यांना जमली नाही, त्यांची हकालपट्टी झाली आणि ती जमवून दाखवली ग्राव्हाँ या त्यांच्या हाताखालच्या माणसानं. त्याची बायको, मादाम ग्राव्हाँ, हिचा इतिहासात स्वतंत्र उल्लेख यायला हवा. 1748 च्या सुमारास तिच्या देखरेखीखाली पंचेचाळीसेक बायका आणि मुली मातीची फुलं बनवत होत्या. पाकळी पाकळी बोटांनी वळून, तारेच्या देठावर बसवून. कारखान्याचा सुरुवातीचा पैसा कपांतून आला नाही, या फुलांतून आला. फ्रान्सच्या युवराज्ञीनं आपल्या वडिलांना, म्हणजे ज्यांच्या राज्यात मायसेन होतं त्या सॅक्सनीच्या अधिपतीला, चारशे ऐंशी फुलांचा गुच्छ पाठवला. भेट म्हणूनही आणि टोमणा म्हणूनही. त्या पंचेचाळीस जणींच्या बोटांचे ठसे त्या फुलांवर असतील. नावं मात्र नाहीत.

1756 साली कारखाना सेव्रला गेला. पंधराव्या लुईची मैत्रीण मादाम द पाँपादूर हिचा वाडा जवळच होता. 1759 मध्ये राजानं कारखाना पुरता आपल्या ताब्यात घेतला. दरवर्षी नाताळ-नववर्षाच्या सुमारास व्हर्सायच्या राजवाड्यात खुद्द राजाच्या दालनांत या मालाचं विक्री-प्रदर्शन भरे. दरबारी मंडळी राजाच्या देखत खरेदी करत. किंमत विचारून मागे फिरायची सोय तिथे नव्हती.

रंगांचं काम रसायनशास्त्रज्ञांकडे होतं. झाँ एलो हा विज्ञान अकादमीचा सदस्य. त्यानं 1753 साली तांब्यापासून आकाशी निळा काढला, त्याला फ्रेंचमध्ये ‘ब्लू सेलेस्त’ म्हणतात. 1757 चा गुलाबी रंग सोन्यापासून येतो. दोन-चार बोटांएवढ्या जागेत निळा, हिरवा, गुलाबी, तांबडा लावायचा तर प्रत्येकाची आच वेगळी. जास्त उष्णता सोसणारा आधी भाजायचा, नाजूक त्याच्यानंतर, सोनं सगळ्यांत शेवटी. एक कप चार-पाच वेळा भट्टीत जायचा, आणि पाचव्या वेळी तडकला तर आधीच्या चौघांची मेहनत पाण्यात. सोन्याचा वर्ख मधात घोटून त्याची शाई करत, कुंचल्यानं लावत आणि आठशे अंशांच्या खाली भाजत. भट्टीतून निघालेलं सोनं मातकट, निस्तेज दिसतं. मग बायका अकीकाच्या दगडानं ते तासन्‌तास घासून चमकवत. संग्रहालयात आपण ‘काय झळाळी आहे!’ म्हणतो ती या घोटणाऱ्या बायकांच्या मनगटाची.

कपांचे घाट ठरलेले होते. त्यातला सर्वांत गाजलेला अगदी साधा, सरळ नळकांड्याचा. त्याला लित्राँ म्हणत, कारण धान्य मोजायच्या त्या नावाच्या मापासारखा तो दिसे. तो पाच आकारांत मिळे. तेव्हाच्या बश्या आजच्यापेक्षा खोल असत आणि युरोपात चहा बशीत ओतून पिण्याची रीत चांगल्या घरांतही होती. बशीत चहा ओतला म्हणून पाहुण्यांसमोर ज्यांना दटावण्यात आलं असेल त्यांनी हे घरी जरूर सांगावं.

असा एक कप आपण उलटा करू. समजा 1770 च्या दशकातला, सेव्रचा, मऊ मातीचा. बुडाला निळ्या रंगात इंग्रजी एल अक्षराची एक जोडी, एकमेकींत अडकवलेली. ती राजा लुईची. तिच्या मधोमध एक छोटं अक्षर, ते सालाचं. 1753 ला ए धरून दरवर्षी पुढचं अक्षर; 1777 पर्यंत झेड आला, 1778 पासून दुहेरी अक्षरं सुरू झाली. म्हणजे कपाची जन्मतारीख बुडावरच लिहिलेली. बशीच्या तळाच्या कड्यात बारीक भोक दिसेल. झिलई देऊन भाजताना वस्तू टांगून ठेवण्यासाठी ते पाडलेलं असे, म्हणजे झिलई भट्टीला चिकटत नसे. आणि त्या एलच्या जोडीच्या आजूबाजूला, नीट बघितलं तरच दिसेल असं, एखादं चिमुकलं चिन्ह. कोणाचं अक्षर, कोणाचा नांगर, कोणाचे नुसते ठिपके. ते चित्रकाराचं. शेजारी आणखी एक असेल तर ते सोनं लावणाऱ्याचं.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयटीआयला फिटर ट्रेडचे निदेशक होते. त्यांचे विद्यार्थी इथे बसले आहेत, त्यांना मी काय सांगणार? जॉब कानशीनं घासून, गुण्यात बसवून झाला की त्यावर आपला नंबर पंच करायचा. नंबर नसलेला जॉब गुरुजी हातातच घेत नसत. सेव्रचं तेच. ही चिन्हं कलावंताची मिरवायची सही नव्हती. काम कोणी केलं, पैसे कोणाला द्यायचे आणि खराब झालं तर कोणाला धरायचं, यासाठी ती होती. पण त्या हिशेबामुळेच आज आपल्याला माणसं ओळखता येतात. भट्टीत कोणत्या दिवशी काय गेलं, जादा काम कोणी केलं, कोणता माल कोणाला विकला, याच्या वह्या सेव्रनं जपल्या आहेत. चोख कारकुनीनं कारागिरांवर केलेला उपकार म्हणा हवं तर.

त्या वह्यांतून दोदँ भेटतो. माणसांची चित्रं काढण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. ताय्यांदिए नावाचं जोडपं भेटतं, नवरा व्हँसाँ आणि बायको जनव्हिएव्ह, दोघंही चित्रकार. कपाच्या रंगीत पोटावर पांढरी वर्तुळं आणि त्यांत बारीक निळे ठिपके, अशी जी भरगच्च जमीन दिसते तिला आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. आणि हेन्री-फ्रान्सवा व्हँसाँ हा सोनं लावणारा भेटतो. हा जवळजवळ पन्नास वर्षं कामावर होता. याची खूण काय, तर 2000 हा आकडा. फ्रेंचमध्ये ‘वीस शंभर’ म्हटलं की उच्चार त्याच्या आडनावासारखाच होतो, म्हणून त्यानं सोन्यानं 2000 लिहायला सुरुवात केली. फाल्कन 2000 वर काम करणाऱ्या मंडळींनी या थोर पूर्वजाला एक नमस्कार करायला हरकत नाही. योगायोगच आहे, पण असा योगायोग वक्त्याला सोडवत नाही.

आता या वह्यांची दुसरी बाजू. कारागीर कामाला लागला की त्याचं वय, गाव, उंची, चेहरामोहरा लिहून घेतला जाई. नुसत्या पगारपत्रकाला उंची कशाला लागते? मला वाटतं, पळाला तर शोधायला. सेव्रच्या माणसाला परवानगीशिवाय काम सोडून जाता येत नसे, गुपित बाहेर नेलं तर तुरुंग ठरलेला. त्याबदल्यात सैन्यभरतीतून सूट, काही करांतून सूट. दुसऱ्या कारखान्यांना सोनं वापरायला राजाची बंदी होती, त्यामुळे सोन्याचं काम येणाऱ्यानं जायचं तरी कुठे? सोनेरी पिंजरा म्हणतात तो इथे खराखुरा होता.

आणि वह्यांमध्येही सगळे नाहीत. चित्रकाराचं चिन्ह रंगात आहे, सोनेवाल्याचं सोन्यात. चाकावर कप घडवणाऱ्याचं चिन्ह फक्त टोकदार काडीनं ओल्या मातीत ओरखडलेलं असतं. त्यातली बरीच कोणाची, हे आजही ठरलेलं नाही. भट्टीत लाकूड भरणारा, माती मळणारा, सोनं घोटणारी यांचं कपावर काहीच नाही. ज्यानं वस्तूला आकार दिला तो तळाशीही अंधुक आणि ज्यानं तिच्यावर फूल काढलं तो ठसठशीत, ही वाटणी आपल्याकडेही ओळखीची आहे.

1767-68 च्या सुमारास फ्रान्सला अखेर काओलिन सापडलं. लिमोजच्या दक्षिणेला सँ-इरिए नावाचं गाव. तिथल्या दार्ने नावाच्या शल्यवैद्याच्या बायकोला एक पांढरी, मऊसूत माती दिसली. कपडे धुवायला साबणाऐवजी चालेल म्हणून ती तिनं नवऱ्याला दाखवली. नवऱ्यानं बोर्दोच्या व्हिलारी नावाच्या औषधविक्रेत्याला दाखवली, त्यानं ओळखली, आणि सेव्रचा रसायनज्ञ माकेर यानं तपासून शिक्कामोर्तब केलं. दाँत्रकोलच्या पत्रांनंतर पन्नास वर्षं अकादमीचे विद्वान जे शोधत होते ते एका बाईला धुण्याच्या निमित्तानं मिळालं. 1771 मध्ये लिमोजला कारखाना निघाला, 1784 मध्ये राजानं तो विकत घेतला आणि आजतागायत लिमोज म्हटलं की कपबशीच डोळ्यांपुढे येते.

मादाम दार्नेचं काय झालं? सेव्रचे संचालक आलेक्सांद्र ब्रोंन्यार यांनी ते लिहून ठेवलं आहे. म्हातारपणी, हलाखीत, ती त्यांच्याकडे मदत मागायला आली होती. कारखान्यात वाटा नको, मानपत्र नको. सँ-इरिएला पायी परत जाता येईल एवढी मदत. पॅरिसपासून ते गाव चारशे किलोमीटरच्या पुढे आहे. ब्रोंन्यार यांनी रदबदली केली आणि राजाच्या खात्यातून तिला थोडं निवृत्तिवेतन मंजूर झालं. ब्रोंन्यार यांना मी यासाठी मानतो की त्यांनी ही गोष्ट आपल्या ग्रंथात घातली. एरवी ती कोणी लिहिली असती?

हे ब्रोंन्यार 1800 ते 1847 अशी सत्तेचाळीस वर्षं संचालक होते. मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांनी हिशेब करून मऊ माती बंद केली, 1824 मध्ये जगभरच्या मातीकामाचं संग्रहालय सुरू केलं. कारखाना तगवण्यासाठी त्यांनी गोदामात पडून असलेले जुने, बिनरंगाचे कप स्वस्तात विकून टाकले. ते पॅरिसमधल्या खासगी रंगाऱ्यांनी उचलले, त्यांच्यावर गुलाब आणि गुराखिणी रंगवल्या आणि ते पाँपादूरच्या काळचे म्हणून विकले. माती अस्सल, रंग नकली. अशा मालानं युरोपातल्या भल्याभल्यांची कपाटं भरली. ओळखायची एक युक्ती सांगतो, श्रीमंत नातेवाईक असतील त्यांना उपयोगी पडेल. क्रोमियम हे मूलद्रव्य वोकलँ या रसायनज्ञानं 1797 साली शोधलं आणि त्याचा पिवळसर झाक असलेला दाट हिरवा रंग त्यानंतर चिनीमातीवर आला. त्याआधीचा हिरवा तांब्याचा, तो निळसर. तेव्हा बुडावर 1765 चं अक्षर आणि अंगावर क्रोमचा हिरवा असेल, तर खिशातला हात खिशातच ठेवावा.

एकोणिसाव्या शतकात हा धंदा राजवाड्यातून बाजारात आला. डेव्हिड हॅविलंड हा न्यूयॉर्कचा व्यापारी 1840 च्या दशकात लिमोजला येऊन राहिला आणि अमेरिकन घरांसाठी कपबशा करू लागला. हजारो कामगार, त्यात बायका फार मोठ्या संख्येनं. हातानं रंगवण्याऐवजी छापील चित्र झिलई देऊन भाजलेल्या कपावर चिकटवायचं, हे काम त्यांचं. बुडाखाली आता फक्त कंपनीचं नाव राहिलं. माणसाचं चिन्ह गेलं. 1905 च्या वसंतात थिओडोर हॅविलंडच्या कारखान्यातला एक फोरमन बायकांशी गैरवागणूक करतो, अशी तक्रार झाली. त्याला काढा, ही कामगारांची मागणी. मालकांनी नकार दिला, संप झाला, टाळेबंदी झाली, रस्त्यांवर अडथळे उभे राहिले, सैन्य आलं. 17 एप्रिलला गोळीबारात कामिय व्हार्देल हा एकोणीस वर्षांचा पोरगा मारला गेला. तो चिनीमातीचाच कामगार. लिमोजचे कप हातात घेऊन वाहवा करणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव माहीत असेल? तिथल्या कामगार चळवळीनं मात्र ते जपलं आहे.

भारताच्या वाटेला हे सगळं कसं आलं, त्याची एक गोष्ट सांगतो आणि मग आपल्या मुलखात येतो. 1788 साली टिपू सुलतानाचे तीन वकील फ्रान्सला गेले. 10 ऑगस्टला व्हर्सायला सोळाव्या लुईची भेट झाली. टिपूला इंग्रजांविरुद्ध फौज हवी होती. लुईचा खजिना रिकामा. त्यानं फौजेऐवजी सेव्रची भांडी नजर केली. वर्षभरात खुद्द लुईच्याच राज्यात क्रांती झाली. पण टिपूच्या मागण्यांच्या यादीत आणखी एक कलम होतं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यानं कारागीर मागितले होते, त्यात चिनीमातीचे कारागीरही. कप नकोत, कप करणारा द्या. आपल्याकडचे इतर बहुतेक राजेरजवाडे पुढची दीडशे वर्षं कपच घेत राहिले.

या फरकाचं उत्तर विदर्भात एका माणसानं दिलं. चंद्रपूरच्या वाटेवर भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला. गांधीविचारातून आलेला माणूस. कुंभाराच्या मुलाला सुधारलेलं चाक, नीट चाळलेली माती, जास्त आचेची भट्टी आणि झिलईचं शास्त्र शिकवायचं, म्हणजे मडक्यांवर पोट भरेनासं झालं तरी मातीवर भरेल. माकेर आणि ब्रोंन्यार यांनी जे काम राजाच्या पैशावर केलं, ते मिरमिरांनी खादी-ग्रामोद्योगाच्या तुटपुंज्या साधनांवर केलं. आपल्या मराठी नियतकालिकांनी सेव्रइतकीही जागा भद्रावतीला दिलेली नाही, ही तक्रार मी इथे नोंदवून ठेवतो. मी स्वतः आज तासभर सेव्रवरच बोललो, हेही खरं.

म्हणून दोन विनंत्या. पहिली घरच्यांसाठी. भद्रावतीला किंवा कुठल्याही हातकामाच्या ठिकाणी कप घ्याल तेव्हा तो उलटा करून बघा. खाली नाव नसेल तर कोणी केला ते विचारा, आणि पुढच्या खेपेला नाव घालायला सांगा. गिऱ्हाईक मागतं तेव्हाच दुकानदार ऐकतो.

दुसरी मिहानमधल्यांसाठी. विमानाच्या प्रत्येक भागाची नोंद असते; कोणी बसवला, कोणी तपासला हे कागदावर असतंच, कायद्यानंच असावं लागतं. म्हणजे सेव्रची वही तुमच्याकडे आहे. फक्त ती फायलीत बंद आहे. इथे जुळलेलं पहिलं फाल्कन 2028 मध्ये सुपूर्द करायचं ठरलं आहे. त्या दिवशी कोनशिलेवर मंत्र्यांची आणि अध्यक्षांची नावं येतीलच. तिच्या शेजारी दुसरा फलक लावा. त्यावर रिव्हेट मारणारा, वायरिंग करणारी, रंग देणारा, सफाई करणारी अशी सगळ्यांची नावं मराठीत, पूर्ण, आडनाव आणि गावासकट घाला. व्यवस्थापनातले कोणी इथे असतील तर त्यांनी हे मनावर घ्यावं. नसतील तर कामगार प्रतिनिधींनी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा मुद्दा टाकावा.